पिंपळपानांची चौथी बाजू

आमच्या घरात कार्य ठरलं की आधी हॉल बघत नाहीत, आधी माळे धुंडाळतात. माळ्यावर, पलंगाखाली, शिलाई मशीनच्या खणात जे काही हौसेनं सुरू करून टाकून दिलेलं असतं, ते सगळं एकदम उजेडात येतं. दिराच्या मुलाच्या बारशासाठी मी लोकरीचं टोपडं विणायला घेतलं होतं. ते त्याच्या पहिल्या वाढदिवसाला पुरं झालं आणि त्याच्या डोक्याला बसलं नाही. पुढं त्याच्या धाकट्या बहिणीच्या बारशाला ते कामी आलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्या दूरदृष्टीचं कौतुक केलं आणि मीही ते मुकाट्यानं ऐकून घेतलं.

मी बारामतीतल्या एका शाळेत गणित शिकवते. गृहपाठ अर्धा ठेवला म्हणून पोरांवर रोज खेकसते. घरी मात्र मी मॅटीच्या कापडावर भरायला घेतलेला पोपट कित्येक वर्षं बिनशेपटीचा बसून आहे. एकदा एका आईनं शाळेत येऊन मला सुनावलं, “मॅडम, पोरगं आहे, होतं एखाद्या वेळी अर्धं.” मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर पोपटाकडं बघायची मला लाज वाटली एवढं आठवतं.

मागच्या हिवाळ्यात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा वडगाव निंबाळकरचा, बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला. माझे सासरचे सगळे इंदापूरचे, म्हणून हॉल इंदापूरला घेतला. आता रुखवत आलं. लेक म्हणाली, “आई, हल्ली रुखवत भाड्यानं मिळतं. सकाळी आणून मांडतात, संध्याकाळी घेऊन जातात.” मला असा राग आला! रुखवत म्हणजे काय मंडपाच्या खुर्च्या आहेत का भाड्यानं आणायला? मुलीनं आणि तिच्या घरच्या बायकांनी हातानं काहीतरी करायचं, चार लोकांनी ते निरखून बघायचं, नावं ठेवायची, त्यातच तर गंमत असते. मी ताडकन म्हणाले, “काही भाड्यानं येणार नाही. पोपटाला शेपूट लावू, मण्यांचं तोरण पुरं करू.” लेक हसायला लागली. तिला माहीत होतं की तोरणाचे मणी मीच कुठंतरी हरवलेत.

मणी शोधायलाच आम्ही त्या रविवारी शेळगावला गेलो.

शेळगावला माझं माहेर आहे. तिथं माझी आई आणि माझी थोरली बहीण, आमची आक्का, राहतात. वडिलांना आम्ही दोघीच. ते कालव्यावर पाटबंधारे खात्यात नोकरीला होते, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा गेले त्याला बरीच वर्षं झाली. जमीन, गाई, घर सगळं आक्काच बघते. तिचं लग्न झालेलं नाही. सकाळी चारा, दोन वेळच्या धारा, डेअरीला दूध, मधल्या वेळात ऊस नाहीतर मका, असा तिचा दिवस. त्यात कुणी लुडबूड केली की ती लगेच गुरकावते. स्वभावाच्या बाबतीत आम्ही दोघी दादांवर गेलो आहोत, असं आई म्हणते आणि त्यात कौतुक फार थोडं असतं.

आक्का गोठ्यात होती. आई अंगणात बाजेवर ऊन खात बसली होती. लेकीनं आतल्या खोलीत जाऊन पत्र्याची पेटी उघडली आणि थोड्या वेळानं बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात मण्यांचा डबा नव्हता. घडी घातलेलं एक मोठं पांढरं कापड होतं, घडीवर पिवळट पडलेलं.

“आजी, हे काय आहे गं? किती सुंदर आहे!”

तिनं ते आईच्या मांडीवर पसरलं. पांढऱ्या सुती कापडाला पांढऱ्याच चकचकीत दोऱ्यानं चहूबाजूंनी पिंपळाची पानं भरली होती. पांढऱ्यावर पांढरं. नुसतं बघितलं तर साधी चादर वाटावी. तिरपं धरलं, नाहीतर बोट फिरवलं, तरच पान कळायचं. खरं तर चहूबाजूंनी नाही. तीन बाजू भरलेल्या होत्या आणि चौथ्या बाजूला फक्त पेन्सिलीच्या पुसट रेघा होत्या.

आईनं कापड पटकन गोळा केलं. “पेटीत ठेव जा. नको ते काढू.”

“अगं पण का?”

“ठेव म्हणलं ना.”

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी ते कापड ओळखलं होतं. ते भरताना मी आक्काच्या शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होते, तेव्हा मी शाळेत होते. परत येताना गाडीत लेकीनं पिच्छा पुरवला आणि सणसर यायच्या आत मी तिला सगळं सांगून मोकळी झाले.

आमच्यातल्या लग्नात टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि तसबिरी ठेवतात, त्याखाली पांढरं कापड असतं. मुलगा-मुलगीही पांढऱ्या कपड्यांत. बहुतेक ठिकाणी ते कापड मंडपवालाच देतो, टाचण्या लावलेलं. आक्काचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, माझ्या लग्नाचं कापड मी स्वतः भरणार. कालव्याच्या कडेला पिंपळ होता. ती त्याची खाली पडलेली पानं आणायची, कापडावर ठेवायची आणि कडेनं पेन्सिल फिरवायची. छापाचं पुस्तक नाही, कार्बन पेपर नाही. त्यामुळं एक पान दुसऱ्यासारखं नाही. एकाचं टोक वाकडं, एक लहानखुरं, एकाला अळीनं पाडलेलं भोक होतं तर ते भोकसुद्धा तिनं सोडून भरलं. दादा बघायचे आणि म्हणायचे, “एवढं डोळं फोडतीस, पर दिसतं कुठं गं?” ती म्हणायची, “ज्याला बघायचं त्याला दिसंल.”

साखरपुडा झाला होता. मुलाकडचेही आमच्यातलेच, धम्म मानणारे, घरात पंचशील म्हणणारे. पण मुलाच्या आईनं गुपचूप कुणाकडं तरी जाऊन आक्काची जन्मवेळ सांगून कुंडली बघितली. मग मध्यस्थ निरोप घेऊन आला की मुलीला मंगळ आहे, काहीतरी तोडगा करावा लागेल, छोटीशी शांत, कुणाला कळणार नाही. दादा संतापले. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव स्वतः कालव्यात सोडून आले होते, आणि त्यांच्या नातीची शांत! तरीही दादांनी आधी आक्काला विचारलं, “तुझं काय म्हणणं हाय?” आक्का कापड मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सुई कापडातच खोचली आणि म्हणाली, “नको मला ते घर.”

म्हणजे लग्न तिनं मोडलं. पण गावात कुणी तसं म्हणालं नाही. गावात झालं ते ‘हिचं लगीन मोडलं’, जसं पावसानं कौल फुटावं तसं, कुणी काही न करता. पुढं स्थळं आली. आक्का एकच विचारायची, कुंडली बघितली का? जे नाही म्हणाले त्यांच्यावरही तिचा विश्वास बसला नाही. का केलं नाहीस लग्न, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. “मग गाया तू बघितल्या असत्यास का?” म्हणाली. घरात त्या साखरपुड्याचा विषय कधी निघाला नाही. आई तर कुणी आक्काचं वय विचारलं तरी आवाज खाली घ्यायची. बायका विचारायच्या, थोरली कुठं दिलीय? आई म्हणायची, ती हितंच असती, आणि पुढचं बोलणं कालव्याच्या पाण्याच्या पाळीवर नेऊन ठेवायची. आक्का स्वतः लग्नांना जायची, पण कधी पहिल्या रांगेत बसली नाही. वाढप्यांत, पाण्याच्या टाकीपाशी, गेटवर गुलाबपाणी शिंपडायला, अशी कुठंतरी. मला तिचं हे वागणं सहन व्हायचं नाही आणि बोलताही यायचं नाही.

लेकीनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “माझ्या लग्नात टेबलावर तेच कापड पाहिजे.”

पुढच्या रविवारी तिनं हे शेळगावला जाऊन सरळ सांगून टाकलं. आई हातातली वाटी खाली ठेवून बसली. आक्का चुलीपुढं होती, तिनं मान वर केली नाही.

“अपुरं हाय ते,” आक्का म्हणाली.

“मग पुरं कर ना मावशी.”

“आन् तुझी आजी काय म्हणंल?”

आई म्हणाली, “मंडपात मोडल्या लग्नाची चीज आणू नी. पोरीचं पयलं कार्य हाय. दुसरी धा कापडं घ्या, हे नको.”

मला राहवलं नाही. मी आईवर ओरडलेच. म्हणाले, “आई, कुंडलीपायी हिचं लग्न गेलं. आता तू कापडाची कुंडली बघायला लागलीस का? दादा असते तर त्यांनी तुला हे बोलू दिलं असतं का?”

आई म्हणाली, “कुंडली न्हाय बघत गं मी. लोकं हिच्याकडं कशी बघतील ते बघती. एवढी वरसं झाकून ठिवलंय. तुमी बारामतीला निघून जाताल. हितं आमाला दोघींना ऱ्हायाचंय.”

रागारागात आपण आईला भित्री ठरवून मोकळे होतो. ती भीत होती खरी, पण स्वतःसाठी नाही, हे मला त्या दिवशी तिच्या तोंडून ऐकावं लागलं.

मग आक्का बोलली. भाकरी थापता थापताच बोलली. “मी करीन पुरं. पर माझी एक अट हाय. टेबलावर टाकायचं तर चोरून टाकायचं न्हाय. कुणी इच्यारलं तर खरं सांगायचं. कुणी भरलं, आन् कशासाठी भरलं व्हतं ते बी. भाचीसाठी केलं आसं खोटं सांगणार आसाल, तर पेटीत हाय तितंच बरं हाय.”

“आन् सांगायचं कुणी?” आईनं विचारलं.

“तू,” आक्का म्हणाली. “तूच झाकलंस ना? मग तूच सांग.”

आई उठून आत गेली. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

निदान पिवळे डाग तरी काढू, म्हणून मी कापड बारामतीला आणलं आणि इथं माझा उद्योग सुरू झाला. आधी लिंबू आणि मीठ लावून डाग काढले, ते छान निघाले. मग पांढरंशुभ्र दिसावं म्हणून बादलीत नीळ घातली. आमच्या आईची शिकवण, पांढऱ्याला नीळ दिल्याशिवाय ते धुतलं असं म्हणायचं नाही. बाटलीचं झाकण निघालं आणि नीळ भसकन पडली. तेवढ्यात इंदापूरच्या हॉलवाल्याचा फोन आला, जेवणाच्या पंक्ती का बुफे यावर मी त्याच्याशी हुज्जत घालत बसले. परत येऊन बघते तर कापड आकाशी झालेलं. आपल्या घरात निळा रंग कुणाला नकोसा नाही, पण लग्नाच्या टेबलावर पांढरंच लागतं! मी खळाखळा पाणी बदललं, पुन्हा लिंबू पिळलं, दिवसभर उन्हात वाळत घातलं. थोडं फिकं झालं, पण पांढरं व्हायला तयार नाही. मी मोरीत बसून रडले. आक्काच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिनं स्वतःसाठी केली होती आणि ती मी बादलीत बुडवली, असं मला वाटत होतं.

लेकीलाही सांगायचं धाडस झालं नाही. एकटीच एसटीनं शेळगावला गेले. आक्का गोठ्यातून हात पुसत आली. मी पिशवी तिच्यापुढं केली आणि म्हणाले, “आक्का, शिव्या दे, पण आधी बघ.”

तिनं कापड काढलं. अंगणात नेलं. दोरीवर पसरलं. मग जरा मागं सरून उभी राहिली.

सुती कापडानं नीळ प्यायली होती, पण तो चकचकीत दोरा कसला होता कोण जाणे, त्यानं काही घेतली नव्हती. फिक्या निळ्यावर पिंपळाची पानं पांढरीशुभ्र उठून दिसत होती. एकूण एक पान. वाकड्या टोकाचं, लहानखुरं, भोकाचं. मी बारामतीत कापड बघितलं होतं ते रडत बघितलं होतं, त्यामुळं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“दिसाय लागली की गं,” आक्का म्हणाली. आणि मग हसायला लागली. “दादा आसतं तर!” तिनं पदरानं डोळे पुसले. रडत होती का हसत होती ते मला कळलं नाही, मी मात्र दुसऱ्यांदा रडले.

त्या दिवसापासून तिनं चौथी बाजू हातात घेतली. दोरा तसाच मिळाला नाही. मी बारामतीतली सगळी दुकानं पालथी घातली, शेवटी जवळपास तसा एक मिळाला. खरी अडचण दोऱ्याची नव्हती, तिच्या बोटांची होती. धारा काढून, ऊस सोलून तिची बोटं इतकी खरखरीत झाली होती की रेशमासारखा दोरा त्यांना अडकायचा आणि सुटायचा. मग ती दुपारी आधी तेलात साखर कालवून हात चोळायची, नंतर बेसन लावून तेल काढायची, कारण कापडाला तेलाचा डाग नको, आणि मगच सुई धरायची. डोळ्यांवर चष्मा. जुनी पानं एवढ्या बारीक टाक्यांची होती की मागची बाजू आणि पुढची बाजू सारखीच दिसे. नवी पानं तशी झाली नाहीत. टाके जरा मोठे, कडा जरा ढिल्या. मी म्हणाले, “चांगलीच आहेत की.” ती म्हणाली, “चांगली न्हाईत. पर माझीच हायीत.”

पेन्सिलीच्या जुन्या रेघा धुण्यात गेल्या होत्या, त्यामुळं पानं पुन्हा आणावी लागली. कालव्याकडचा पिंपळ आता नाही. विहाराच्या आवारातला आहे. तिथली पानं पिशवीत भरून कोण आणत होतं ते मी एका रविवारी बघितलं. आई आणत होती. सकाळी वंदनेला जायची ती येताना घेऊन यायची, बाजेवर पसरून निवडत बसायची. तिनं किडकी, फाटकी पानं बाजूला टाकली होती. आक्कानं त्यातलं एक फाटकं पान उचललं आणि कापडावर ठेवलं.

“ते कशाला?” आई म्हणाली. “चांगलं घे की.”

“झाडाला समदी चांगली असत्यात व्हय?”

आईनं बाजूला टाकलेली पानं पुन्हा पुढं ओढली. पण सांगणार का नाही, हे मी विचारलं तेव्हाही ती म्हणाली, “बघू तवाचं तवा.” लग्न जवळ आलं तरी तिचं ‘बघू’ काही हललं नाही. आक्कानं विचारलं नाही. ती पानं भरत राहिली. मला मनातून धाकधूक होती, आई ऐन वेळी गप्प बसली तर आक्का टेबलावरून कापड ओढून घेईल आणि घरी निघून जाईल. तिचा काही भरवसा नाही, म्हणजे तिच्या शब्दाचा फारच भरवसा आहे, म्हणूनच भीती होती.

जाता जाता सांगते, माझं तोरण पुरं झालं. पोपट तसाच राहिला. रुखवतात आम्ही त्याला एका फुलदाणीमागं असं उभं केलं की शेपूट मागं असेल असं लोकांना वाटावं.

लग्नाच्या दिवशी सकाळी इंदापूरच्या हॉलमध्ये लेकीनं स्वतः कापड अंथरलं, अजून तिची वेणीसुद्धा झाली नव्हती. नवी भरलेली बाजू तिनं पुढं, लोकांकडं येईल अशी टाकली. मी म्हणाले, “जुनी बाजू पुढं घे, ती बारीक आहे.” ती म्हणाली, “नाही, हीच.” त्यावर मूर्ती, तसबिरी, फुलं, मेणबत्त्या. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं, गाथा झाल्या, हार घातले, सगळ्या हॉलनं तीनदा ‘साधू’ म्हटलं. माझी लेक पांढऱ्या साडीत फार शांत दिसत होती. आक्का पाकळ्यांचं ताट घेऊन स्टेजच्या पायरीपाशी उभी होती. पायरीवर चढली नव्हती.

फोटो सुरू झाले तेव्हा मुलाची आत्या स्टेजवर आली. वडगावची, भारदस्त बाई, बोलायला मोकळी. तिनं कापडाचं टोक उचलून बघितलं, उलटून बघितलं, एका पानावरून बोट फिरवलं.

“विहीणबाई, कुठनं आणलं हे? पुण्यातनं काय?”

मी तोंड उघडलं आणि थांबले. आई शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिनं खुर्चीचा हात धरला आणि उठली.

“आमच्या थोरलीनं भरलंय,” आई म्हणाली.

“व्हय? भाचीच्या लग्नासाठी?”

एवढं सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बाईंनी वाट करून दिली होती आणि भोवती निम्मं वऱ्हाड उभं होतं, त्यात शेळगावच्याच कितीतरी बायका होत्या. आक्का ताट धरून आईकडं बघत होती.

“न्हाय,” आई म्हणाली. आवाज खाली न घेता म्हणाली. “तिच्या सोताच्या लग्नासाठी. साखरपुडा झाला व्हता. त्या लोकांनी चोरून कुंडली बघितली आन् हिनं लगीन मोडलं. हिनं मोडलं. एक बाजू भरायची ऱ्हायली व्हती, ती आता भरली.”

आत्याबाईंनी आईकडं बघितलं, मग कुणाबद्दल बोलणं चाललंय ते शोधत पायरीपाशी उभ्या असलेल्या आक्काकडं बघितलं. मग पुन्हा कापडाकडं वाकल्या.

“ह्या पानाला भोक हाय का वो?”

“झाडावर तसंच व्हतं,” आक्का म्हणाली.

“बाई गं,” आत्याबाई म्हणाल्या. “या की वर. फोटोत या.”

आक्कानं ताट माझ्या हातात दिलं आणि वर गेली. आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. फोटोत दोघीही गंभीर दिसतात, जशा आधार कार्डावर दिसतात तशाच. पण आईनं आक्काचा दंड धरलेला आहे.

जेवणं उरकली, पाहुणे पांगले. लेकीच्या पाठवणीची बॅग आम्ही भरत होतो. तिनं टेबलावरचं कापड झटकलं, व्यवस्थित घडी घातली आणि सगळ्यात वर ठेवलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. भाचीच्या लग्नात वापरलं, भाची घेऊन जाईल, असंच मी धरून चालले होते. आक्का आली, तिनं बॅगेतून ते काढून घेतलं.

“हे न्हाय न्यायचं.”

लेक गोंधळली. “मला वाटलं, मावशी, तू मला...”

“तुला दुसरं करून देती. ह्याच्यापेक्षा मोठं देती. पाहिजे तो रंग सांग.” आक्कानं घडी पुन्हा एकदा उलगडून नीट घातली, चौथी बाजू वर येईल अशी. “हे माझ्या लग्नाचं हाय.”

लेकीनं तिला मिठी मारली. आक्कानं कापड आपल्या पिशवीत ठेवलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि धारांची वेळ होत आली म्हणून मला गाडी काढायला सांगितलं.